हातची नोकरी आणि नवे बोलावणे

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



‘योगक्षेम’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळलेला आहे की, त्यात दोन निरनिराळे शब्द आहेत याची आठवण सहसा कोणास होत नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले ब्रीद गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले ते याच शब्दाचे. मुंबईतील त्याच्या मुख्य कचेरीच्या इमारतीचे नावही ‘योगक्षेम’ असेच आहे. परंतु श्रीमत्शंकराचार्यांनी भाष्य करताना या दोहोंची फोड स्वच्छ केली आहे. जे अद्याप मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळालेले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम. विम्याच्या कचेरीचा संबंध वस्तुतः दुसऱ्याशीच अधिक; पहिल्याशी थोडका. पण संसारी माणसास दोन्ही हवे असतात, आणि आयुष्यात असा एखादा दिवस येतो की त्या दिवशी दोन्ही एकत्र मिळत नाहीत. योगाकडे जावे तर क्षेम सुटते, आणि क्षेम धरून बसावे तर योग दारावरून निघून जातो.

ज्याच्या घरात हा प्रसंग आलेला नाही असे कुटुंब या सभामंडपात क्वचितच असेल. मुलगा बँकेत वा सरकारी कचेरीत बारा वर्षे चिकटलेला असतो. ठरावीक तारखेला पगार हाती पडतो, भविष्यनिर्वाह निधी साठत असतो, वडिलांच्या औषधपाण्याची सोय असते. आणि मग पुण्याहून किंवा बेंगळुरूहून एखाद्या नव्या उद्योगाचे पत्र येते. पगार दीडपट, काम मनाजोगते, पण तो उद्योग तीन वर्षांनी राहील की नाही हे तो काढणाऱ्यासही ठाऊक नसते. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. मित्र सांगतात, धाडसाशिवाय काही मिळत नाही. दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात, आणि परिणाम भोगावयाचा नसल्यामुळे दोघांचीही खात्री स्वस्त असते.

या बेळगावी नगरीत या प्रश्नाचा विचार करावयाचा तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांची कथा बहुतेकांस माहीत आहे, परंतु ती बहुधा चुकीच्या टोकाकडून सांगितली जाते. नोकरी सोडली, कारखाना काढला, नांगर केले, वैभव आले, अशा चार वाक्यांत ती संपते. त्या चार वाक्यांच्या मधल्या जागेत काय घडले हेच पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडिलांची इच्छा बाजूस सारून, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आर्थिक आधारावर, ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. दोन वर्षांनी असे आढळून आले की त्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही. तेव्हा त्यांनी रंग सोडले व रेषा धरली. यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या शिकून पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याच विषयाचे शिक्षक झाले. त्या काळी एका खेड्यातून आलेल्या तरुणास मुंबईतील अशा संस्थेत कायमची जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. घरच्यांच्या दृष्टीने मुलगा मार्गी लागला होता.

येथेच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लक्ष्मणरावांनी त्या नोकरीत केवळ पगार घेतला नाही. वर्गात जी यंत्रे फळ्यावर काढावयाची ती कर्मशाळेत प्रत्यक्ष कशी चालतात हे त्यांनी स्वतः हात काळे करून शिकून घेतले. दुसऱ्याच्या यंत्रांवर, दुसऱ्याच्या खर्चाने, महिन्याचा पगार घेत घेत त्यांनी आपले पुढील आयुष्य शिकून ठेवले. आणि त्याच काळात, १८८८ साली, दोघा बंधूंनी मिळून बेळगावात सायकलींचे एक लहानसे दुकान काढले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या येथे विकीत, आणि घेणाऱ्याला चालविण्यास शिकविण्याचे कामही तेच करीत. सायकल म्हणजे तेव्हा नवलाची वस्तू. तिच्यावर बसून दाखविल्याखेरीज ती विकली जाणे कठीणच होते.

म्हणजे नोकरी सुटण्यापूर्वी दुकान होते. हे वर्षानुवर्षे चालले, आणि मग एक दिवस संस्थेत बढतीची वेळ आली. ती जागा लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी संस्था सोडली.

आता अपमान हा पुष्कळांचा होतो. अपमानाने माणूस उठतो हे खरे, पण उठून कोणत्या दिशेस जावयाचे हे अपमान सांगत नाही. कित्येकांनी संतापाच्या भरात राजीनामे दिले आहेत, आणि महिनाभराने त्याच दाराशी ते अर्ज घेऊन उभे राहिले आहेत. लक्ष्मणरावांचा राजीनामा त्या जातीचा ठरला नाही, कारण दिशा आधीच ठरलेली होती. संतापाने केवळ निघण्याचा दिवस नेमून दिला.

तथापि पुढचा मार्ग सोपा होता असे समजण्याचे कारण नाही. बेळगावात त्यांनी एका लहान कर्मशाळेत कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करण्यास प्रारंभ केला. नांगर उत्तम झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगराने बापजाद्यांनी शेती केली, मग हे लोखंड कशाला, असा प्रश्न होता. आणि ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून त्याने असा प्रश्न विचारला तर त्यास हसण्याचे कारण नाही. तोही आपल्या परीने क्षेमाचाच विचार करीत होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे हे शब्द उच्चारावयास क्षणभर लागतो. पण ज्या घरात दरमहाचा पगार बंद झालेला आहे त्या घरात दोन वर्षांचे चोवीस महिने असतात आणि प्रत्येक महिन्याला वाण्याचे बिल असते. त्या काळात तगून राहता आले याचे कारण हेच की साऱ्या आशा एका नांगरावर टांगलेल्या नव्हत्या. बंधूंचे दुकान होते, कडबा कापण्याची यंत्रे होती, आणि जवळ हातची विद्या होती.

नांगर खपू लागले तोच दुसरे संकट आले. कारखाना होता ती जागा नगरपालिकेच्या योजनेमुळे सोडणे भाग पडले. नोकरी गेली, आता जागाही गेली. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सर्पांचे माळरान. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांच्या बरोबर तेथे जी मंडळी गेली त्यांची नावे लोकांच्या स्मरणात कमी आहेत, आणि हा अन्यायच म्हणावा लागेल; कारण मालक स्वतःच्या स्वप्नासाठी रानात जातो, पण शंभुराव जांभेकर किंवा मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसे दुसऱ्याच्या स्वप्नासाठी गेली. नव्या उद्योगाचे पत्र हाती आलेल्या तरुणाची अवस्था लक्ष्मणरावांपेक्षा या मंडळींच्या अवस्थेशीच अधिक जुळते. त्याने उद्योग काढावयाचा नसतो. काढणाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. तेव्हा त्याने पगाराच्या आकड्याइतकाच तो माणूसही पाहावा. पहिला नांगर न विकला गेला तर हा गृहस्थ दोन वर्षे उभा राहील का, की सहा महिन्यांत दुकान आवरून दुसऱ्या गावी जाईल, हे त्याच्या मागील वागण्यावरून पुष्कळदा कळते. जुन्या कामगारांचे पगार त्याने वेळेवर दिले की नाही एवढी चौकशी केली तरी बरेच समजते.

दुसरे उदाहरण चंद्रशेखर वेंकटरामन यांचे. ते दक्षिणेचे, पण त्यांच्या नोकरीच्या प्रवासात नागपूरही येते. १९०७ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, ते सरकारच्या अर्थखात्यात कलकत्त्यास मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्या खात्यातील जागा म्हणजे हिंदी माणसास त्या काळी मिळू शकणाऱ्या सुरक्षिततेचे शिखर. पण कलकत्त्यास महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेली विज्ञानसंस्था होती. रामन कचेरीपूर्वी पहाटे तेथे जात, कचेरीनंतर सायंकाळी पुन्हा जात, आणि मधला दिवस हिशेबतपासणीत घालवीत. रंगून आणि नागपूर येथे बदली झाली तेव्हा घरातच प्रयोगांची सोय करून त्यांनी काम चालू ठेवले. असे दहा वर्षे चालले. मग १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पालित अध्यासनावर ते गेले ते जवळजवळ निम्म्या वेतनावर. त्या अध्यासनासाठी परदेशी जाऊन शिक्षण घेण्याची अट होती. ती मानण्यास त्यांनी नकार दिला, आणि सर आशुतोष मुखर्जींनी ती अट दूर केली. १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक या साऱ्या पुढच्या गोष्टी.

या दहा वर्षांबद्दल लोक बोलत नाहीत, कारण त्यांत नाट्य नाही. पण सामान्य गृहस्थास अनुकरण करण्याजोगे जे आहे ते याच दहा वर्षांत आहे. नवे काम आपल्याला खरोखर आवडते की केवळ जुने नावडते, हे त्यांना पहाटेच्या अंधारात रोज कळत होते. ज्यास नव्या कामासाठी आठवड्याचे चार तासही काढवत नाहीत, त्याने त्या कामासाठी नोकरी सोडण्याचा विचार फारच सावकाश करावा. आणि अटीविषयी स्पष्ट बोलण्याचे धैर्यही येथे दिसते. नवे बोलावणे आले म्हणजे माणसे हरखून जातात आणि पत्रातील प्रत्येक ओळ देववाणी समजून स्वीकारतात. विचारले असते तर बदलले असते असे त्यांत पुष्कळ असते.

वडोदऱ्याहून येथे आलेल्या मंडळींस तिसरे उदाहरण सांगण्याची आवश्यकता नाही. अरविंद घोष १८९३ पासून सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते, आणि महाविद्यालयाच्या उपप्राचार्यपदापर्यंत चढले होते. १९०६ साली बंगालमध्ये नव्याने निघणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे बोलावणे त्यांनी स्वीकारले. तेथील वेतन दीडशे रुपये, म्हणजे वडोदऱ्याच्या वेतनाचा लहानसा अंश. हा त्याग सर्वज्ञात आहे. इतके ज्ञात नाही ते हे की, या देशभक्ताने प्रथम रीतसर रजा घेतली व मग वर्षभराची बिनपगारी रजा मागितली. ज्वालामय लेखणीच्या मनुष्याने रजेचा अर्ज भरला यात काही कमीपणा नाही. परतीची वाट उघडी ठेवून पुढे पाहणे हे भ्याडपणाचे लक्षण आहे असे तरुणांस वाटते. त्यांनी हा अर्ज आठवावा. पुढे त्यांचे जे झाले, १९०८ ची अटक, वर्षभराचा तुरुंगवास आणि १९०९ ची सुटका, ते मात्र कोणत्याही रजेच्या नियमांत बसणारे नव्हते.

येथवर ज्यांची नावे आली ते यशस्वी पुरुष होत, आणि अशा व्याख्यानांचा हाच मोठा दोष असतो. ज्यांनी उडी घेतली व जे बुडाले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून सर्वच तरतात असा भास होतो. दादासाहेब फाळके यांचे उदाहरण यासाठी पाहावे, कारण ते तरलेही आणि बुडालेही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला आणि वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेला हा पुरुष पुरातत्त्वखात्याची नोकरी सोडून मुद्रणाच्या व्यवसायात पडला, त्यात नाव मिळविले, भागीदारांशी मतभेद होऊन तेही सोडले, आणि १९१२ साली आयुर्विम्याची पत्रे गहाण टाकून चित्रपटाची यंत्रसामग्री आणण्यासाठी लंडनला गेला. विम्याची पत्रे म्हणजे क्षेमाचा अखेरचा दगड. तोही पायाखालून काढून त्यांनी योगाच्या भिंतीत बसविला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने त्यात गेले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्यांनीच केले. फाळके हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक ठरले, पण १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा घरात संपत्ती नव्हती. देशाला मिळाले, कुटुंबाला फारसे मिळाले नाही. मग त्यांनी चूक केली काय? सरस्वतीबाईंना जो विचारील त्यालाच याचे उत्तर मागण्याचा अधिकार होता, आणि त्या काळी त्यांना विचारण्यास कोणी गेल्याचे दिसत नाही.

हा मुद्दा कडवट आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. नोकरी सोडण्याचा निर्णय पुरुष आपला मानतो. वस्तुतः तो घराचा असतो. पुढे कमी मिळाले तर पहिली काटछाट कोणत्या कपाटातून होणार, कोणाचे शिक्षण लांबणार, कोणाचे औषध पुढील महिन्यावर जाणार, हे घरातील स्त्रीस पतीपेक्षा अधिक नेमके माहीत असते. आजच्या काळी तर पुष्कळ घरांत बोलावणे पत्नीसच आलेले असते, आणि पतीने आपली जागा सोडून मागे जावे की नाही हा प्रश्न असतो. तेथेही हिशेब तोच. फक्त तो मांडणारे हात बदलतात, आणि पुरुषास तो तितकासा सोपा वाटेनासा होतो!

परंतु सुरक्षित नोकरी म्हणजे काय याचाही एकदा शोध घेतला पाहिजे. या उत्सवास ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा आणि हैदराबाद येथून भक्तमंडळी येतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांस दरबारची नोकरी म्हणजे ध्रुवताऱ्यासारखी अढळ वाटत असे. १९४८ च्या मे महिन्यात ग्वाल्हेर व इंदूर मध्यभारतात गेली, सप्टेंबरात हैदराबादचे राज्य संपले, आणि १९४९ च्या १ मे रोजी वडोदरा मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ साली हैदराबादचे त्रिभाजन होऊन नोकरवर्गाचीही वाटणी झाली. गोव्यात १९६१ च्या डिसेंबरात एका आठवड्याच्या आत कचेरीची भाषाच बदलण्याची वेळ आली, आणि पोर्तुगीजवर मिळविलेले प्रभुत्व निरुपयोगी होऊ लागले. राज्ये गेली, मग गिरण्या तरी राहतील असे वाटले. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तेथील कामगारांस आपल्या थकबाकीचा निकाल पाहण्यास २०२३ साल उजाडले. बत्तीस वर्षांत किती जण ती रक्कम न घेताच गेले! सरकारी निवृत्तिवेतनाचीही कथा अशीच. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून जे रुजू झाले त्यांच्यासाठी जुनी योजना राहिली नाही. दोन सख्ख्या भावांपैकी एक २००३ साली लागला आणि दुसरा २००५ साली, तर सुरक्षितता या एकाच शब्दाचे अर्थ त्या दोघांच्या घरी वेगवेगळे आहेत.

याचा अर्थ कोणीही नोकरी सोडावी असा नव्हे. अर्थ इतकाच की, तराजूच्या एका पारड्यात निश्चित आणि दुसऱ्यात अनिश्चित असे वजन नसते; दोन्ही पारड्यांत अनिश्चितच असते, एक परिचयाचे व दुसरे अपरिचित. परिचयामुळे पहिले हलके भासते.

व्यवहाराच्या काही किरकोळ गोष्टी पुष्कळ शहाणी माणसेही विसरतात. ग्रॅच्युइटी सामान्यतः पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर मिळते. तिला दोन महिने उरले असता घाईने राजीनामा देणारे निघतात. तोंडी आश्वासनावर लेखी राजीनामा देणारेही निघतात, आणि नवे पत्र येण्याच्या आत नव्या मालकाचे मन बदलते. ज्याच्या घरी सहा महिन्यांचा शिधा व भाडे बाजूस ठेवलेले आहे त्याची मान नव्या कचेरीत ताठ राहते. ज्याच्याकडे ते नाही त्याला पहिल्याच महिन्यापासून होयबा व्हावे लागते, आणि मग जुन्या साहेबापेक्षा नवा साहेब बरा असे म्हणण्यापलीकडे काही साधत नाही. कर्जाचे हप्ते चालू असताना तर हा हिशेब दोनदा मांडावा.

राहण्याचा निर्णय घेणाऱ्यांविषयीही एक शब्द बोलला पाहिजे, कारण अशा सभांतून त्यांची उपेक्षा होते. लक्ष्मणराव मुंबईत असताना बेळगावचे दुकान कोणी तरी रोज उघडत होते. रामन पहाटे ज्या संस्थेत जात तिचे दार उघडण्यासाठीही कोणी तरी झोप मोडून येत असेल. ज्याने सर्व पाहून, हिशेब करून, घरच्यांशी बोलून हातची नोकरी धरली, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. मात्र तो निर्णय असला पाहिजे. बोलावण्याचे पत्र खणात ठेवून दिले, मुदत टळली, आणि मग नशिबात नव्हते असे म्हटले, तर त्यास राहणे म्हणता येत नाही. ते केवळ पडून राहणे होय.

कित्येक भक्त असा प्रसंग आला की देवाचा कौल घेतात. गोमंतकात व कोकणात ही प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. मूर्तीच्या अंगावर फुले वा पाकळ्या लावतात, आणि उजवी पडते की डावी याकडे सारे कुटुंब श्वास रोखून पाहते. या प्रथेची ज्यांना थट्टा वाटते त्यांनी तिची एक अट लक्षात घ्यावी. कौल लावण्यापूर्वी प्रश्न स्पष्ट शब्दांत देवापुढे मांडावा लागतो. उजवीचा अर्थ काय आणि डावीचा काय, हे आधी सांगावे लागते. नोकरी सोडावी काय, एवढे पुरत नाही. कोणती, कधी, कशासाठी आणि कोणाच्या भरवशावर, हे विचारणाऱ्याच्या मनात तयार असावे लागते. गाभाऱ्यापुढे तो प्रश्न जुळवता जुळवता पुष्कळांना घाम फुटतो, आणि काही जण पाकळी लावू न देताच नमस्कार करून घरी परततात. घरी गेल्यावर पत्नीजवळ बसतात आणि जमाखर्चाची वही काढतात.